विंडोज सोडून लिनक्सवर गेम खेळावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. संगणक अजून चांगला चालतो, पण टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप किंवा यंत्रणा) आणि प्रोसेसरच्या अटींमुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. हा संगणक मुख्यतः गेम खेळण्यासाठी वापरला जातो. त्यावर लिनक्स बसवले तर वेग किती कमी होईल, कोणते गेम गमवावे लागतील, आणि हे सगळे करण्यापेक्षा मॅक घेतलेला बरा का?

प्रश्नात वेगाचा मुद्दा सर्वांत आधी आला आहे, आणि दहा वर्षांपूर्वी तो तिथेच असणे योग्य ठरले असते. आज मात्र हा निर्णय वेगावर क्वचितच अडतो. गेम बनवणाऱ्या कंपनीला तुमच्या प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, स्वतःचा पहारेकरी बसवायचा आहे का, आणि तसा तो बसवता येत नसेल तर ती तुम्हाला खेळू देणार आहे का, या ठिकाणी तो अडतो. त्यामुळे ‘लिनक्स चांगले की विंडोज’ असा सरसकट प्रश्न मी विचारणार नाही. तुम्ही प्रत्यक्षात खेळता त्या गेमांची यादी काढा आणि त्यातले ऑनलाइन स्पर्धेचे गेम बाजूला करा. उरलेल्या यादीची काळजी बहुधा करावी लागत नाही.

हे असे का झाले, ते कळण्यासाठी आतली यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते. आज लिनक्सवर खेळले जाणारे बहुसंख्य मोठे गेम लिनक्ससाठी बांधलेले नसतातच. चालते ती विंडोजसाठी बनवलेली मूळ फाइल. वाइन हा मुक्तस्रोत प्रकल्प १९९३ पासून हेच काम करत आला आहे. तो विंडोजची फाइल स्मृतीत उतरवतो आणि ती फाइल विंडोजकडे ज्या मागण्या करते, त्या स्वतः लिहिलेल्या लायब्ररींमार्फत लिनक्सच्या पद्धतीने पुरवतो. गेममधल्या प्रोसेसरच्या सूचना जशाच्या तशा प्रोसेसरवर चालतात. मध्ये कोणतेही आभासी यंत्र नसते, त्यामुळे ‘भाषांतर म्हणजे संथपणा’ हा समज इथे मुळातच लागू होत नाही. खरी अडचण ग्राफिक्सची होती, कारण विंडोजचे गेम डायरेक्ट३डी या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स-इंटरफेसमध्ये लिहिलेले असतात आणि लिनक्सवर ते नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कनची पहिली आवृत्ती आली आणि डायरेक्ट३डीच्या आज्ञा ज्यात कार्यक्षमतेने उतरवता येतील असे एक खालच्या पातळीवरचे माध्यम मिळाले. फिलिप रेबोले यांनी सुरू केलेला डीएक्सव्हीके हा प्रकल्प डायरेक्ट३डी ११ साठी आणि पुढे जुन्या आवृत्त्यांसाठी हे काम करतो, तर डायरेक्ट३डी १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने हे सगळे एकत्र बांधून प्रोटॉन या नावाने स्टीम या आपल्या गेमांच्या ऑनलाइन दुकानात घातले. तेव्हापासून वापरणाऱ्याच्या दृष्टीने काम एवढेच उरले की गेम उतरवायचा आणि ‘खेळा’चे बटण दाबायचे.

त्याआधीचा मार्ग वेगळा होता आणि तो फसला. २०१२ मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ वर जाहीरपणे कडाडून टीका केली, कारण प्रणालीतच दुकान घालून मायक्रोसॉफ्ट आपली नाकेबंदी करील अशी त्यांना धास्ती होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे संगणक बाजारात आले. कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळ्या आवृत्त्या बांधाव्यात, ही त्यामागची अपेक्षा होती. थोड्यांनी बांधल्या, पण ग्राहक कमी असल्यामुळे पुढे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. रॉकेट लीगने तर मार्च २०२० मध्ये लिनक्स आणि मॅक या दोन्ही आवृत्त्यांचा आधार काढून घेतला. शिवाय लिनक्सच्या कर्नलची सुसंगतता कितीही चोख असली, तरी त्यावरच्या लायब्ररी बदलत राहतात. २०२२ मध्ये जी-लिबसी या पायाभूत लायब्ररीत एक जुनी तक्ता-रचना वगळली गेली आणि इझी अँटी-चीट ही फसवणूक पकडणारी यंत्रणा वापरणारे काही गेम अचानक बंद पडले. या उलट विंडोजचा जुना प्रोग्रॅमिंग इंटरफेस वर्षानुवर्षे तसाच आहे, आणि वाइन नेमका त्याच्याशीच प्रामाणिक राहते. म्हणून एखाद्या गेमची लिनक्सची मूळ आवृत्ती जुनी असेल, तर मी ती बाजूला ठेवून विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर चालवण्याचाच सल्ला देतो. मुक्त प्रणालीवर गेमांचे जग उभे राहिले ते मायक्रोसॉफ्टच्या इंटरफेसच्या खांद्यावर, ही गोष्ट काही जणांना बोचते. बोचण्यासारखी ती आहेही, कारण उद्या डायरेक्ट३डीत नवे काही आले, तर लिनक्सला त्याच्या मागेच धावावे लागणार. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या यंत्राने ही व्यवस्था सामान्य ग्राहकाच्या हातात चालते हे दाखवून दिले, आणि त्यानंतर हा वाद बराचसा तात्त्विक उरला.

आता वेग. तो ठरतो मुख्यतः ग्राफिक्स कार्ड कोणाचे आहे यावर. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि त्याची व्हल्कनची बाजू मेसा या मुक्त ग्राफिक्स-ड्रायव्हरांच्या प्रकल्पातील रॅडव्ही सांभाळतो. वेगळे काहीही बसवावे लागत नाही. रॅडव्हीसाठी व्हॉल्व्हच्या पैशातून नवा शेडर कंपायलर (शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, कार्डाच्या भाषेत उतरवणारा) लिहिला गेला, आणि २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा वेगळा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर बंद करून रॅडव्हीलाच अधिकृत पाठबळ दिले. अशा कार्डावर बहुतेक गेम विंडोजच्या आसपासच चालतात. काही थोडे मागे राहतात, काही पुढेही जातात. २०२५ मध्ये लेनोवोच्या लीजन गो एस या हातातल्या यंत्रावर व्हॉल्व्हची लिनक्सवर आधारित स्टीमओएस आणि विंडोज ११ यांची तुलना झाली, तेव्हा तपासलेल्या बहुतेक गेमांत स्टीमओएस पुढे होते. लहान यंत्रावर पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवांचा भार अधिक जाणवतो, त्यामुळे हा निकाल मोठ्या डेस्कटॉपला तसाच लावू नये. रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली रंगवण्यात, रॅडव्ही बराच काळ विंडोजच्या ड्रायव्हरच्या मागे होता. ते अंतर कमी झाले आहे, पण रे ट्रेसिंग हाच तुमचा मुख्य आनंद असेल तर तुमच्या नेमक्या कार्डाच्या चाचण्या पाहूनच ठरवा.

एनव्हिडियाचे चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. कंपनीने मे २०२२ मध्ये कर्नलमधला भाग मुक्तस्रोत केला, पण ग्राफिक्सचा खरा मेंदू अजून बंदिस्तच आहे. वेलँड या नव्या प्रदर्शन-पद्धतीवर चित्र लुकलुकण्याचा त्रास २०२४ मधील ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरने बराच मिटवला. डायरेक्ट३डी १२ च्या गेमांत मात्र एनव्हिडियाच्या कार्डावर विंडोजपेक्षा दखल घेण्याइतकी घट दिसत आली आहे. डायरेक्ट३डी ११ मध्ये ती तितकी जाणवत नाही. तुमचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणजे कार्डही त्याच काळातले असण्याची शक्यता आहे, म्हणून आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतील बहुतेक कार्डांना व्हल्कन १.३ चा आधार नाही, आणि नव्या डीएक्सव्हीकेला तो लागतोच. अशा कार्डावर जुन्या प्रोटॉनवर अडकून राहावे लागते. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका नीट चालतात, परंतु त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मुख्य शाखा आहे, त्यामुळे लिनक्सचे असे वितरण (लिनक्सचा तयार संच) निवडा जे ही शाखा वेगळी जपून ठेवते.

सरासरी फ्रेमदरावरून, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दिसतात यावरून, वेग मोजणे पुरेसे नाही. खेळताना खटकतात ते मधेच बसणारे झटके, आणि त्यांचे एक मोठे कारण म्हणजे ऐन वेळी होणारे शेडरचे कंपाइलिंग. सुरुवातीच्या डीएक्सव्हीकेवर हा त्रास मोठा होता. नोव्हेंबर २०२२ च्या २.० आवृत्तीने शेडरचे तुकडे आधीच तयार करून ठेवण्याची सोय आणली आणि तो खूप कमी झाला. काही वेळा मुक्त प्रणाली इथे चक्क पुढे गेली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये एल्डन रिंग आला, तेव्हा विंडोजवर तो वारंवार अडखळत होता. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी व्हीकेडी३डी-प्रोटॉनमध्ये स्मृती-वाटपाची पद्धत बदलली आणि स्टीम डेकवर तोच गेम अधिक गुळगुळीत चालू लागला. गेमच्या एकाही ओळीला हात न लावता, गेमच्या कंपनीची वाट न पाहता हे करता आले, कारण मधला थर सर्वांसाठी उघडा आहे. बंदिस्त प्रणालीत एवढ्यासाठी दोन कंपन्यांच्या रांगेत उभे राहावे लागते. कर्नलच्या बाजूनेही असेच काम झाले आहे: विंडोजमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांचा मेळ ज्या पद्धतीने घातला जातो, तिची नक्कल आधी फार खर्चिक होती, मार्च २०२५ च्या लिनक्स ६.१४ मध्ये एनटीसिंक आल्यावर ती थेट कर्नलमध्ये होऊ लागली. मात्र प्रोटॉनमध्ये यासाठी आधीपासून दुसरे जलद उपाय होते, त्यामुळे एनटीसिंकमुळे दुप्पट-तिप्पट वेग मिळाल्याचे जे आकडे फिरतात, ते बहुतांशी साध्या वाइनशी केलेल्या तुलनेचे आहेत. प्रोटॉन वापरणाऱ्याने तशा उडीची अपेक्षा धरू नये.

आणि आता खरा अडसर. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमांत फसवणूक पकडणारे प्रोग्रॅम, म्हणजे अँटी-चीट, विंडोजवर कर्नलच्या पातळीवर बसतात. विंडोजचा कर्नल एकाच कंपनीचा, त्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही, म्हणून तिथे अँटी-चीटला पायाखालच्या जमिनीची थोडीफार खात्री असते. लिनक्सवर वापरणारा स्वतःचा कर्नल स्वतः बांधू शकतो. आम्हाला जे स्वातंत्र्य हवे असते, तेच इथे आड येते. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या यंत्रणांनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनला आधार दिला, परंतु त्यात दोन अटी आहेत: प्रोटॉनखाली ही यंत्रणा कर्नलमध्ये शिरत नाही, साध्या प्रोग्रॅमच्या पातळीवरच राहते, आणि ती चालू करायची की नाही हे त्या त्या गेमची कंपनी ठरवते. म्हणजे ‘इझी अँटी-चीट लिनक्सवर चालते’ हे वाक्य खरे असूनही तुमचा गेम चालेल असा त्याचा अर्थ होत नाही. फोर्टनाइट हे ठळक उदाहरण आहे. इझी अँटी-चीट हा गेम बनवणाऱ्या एपिकच्याच मालकीची आहे, तरी एपिकने स्वतःच्या या गेमसाठी लिनक्सचे दार उघडलेले नाही.

उघडलेले दार बंदही होते. एपेक्स लेजेंड्स स्टीम डेकवर रीतसर चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, लिनक्सचा वापर फसवणुकीसाठी होत असल्याचे कारण देऊन, त्याचा लिनक्सवरचा प्रवेश बंद झाला. लीग ऑफ लेजेंड्स वाइनवर वर्षानुवर्षे अनधिकृतपणे खेळला जात होता. २०२४ मध्ये त्यात व्हॅनगार्ड हे कर्नलमध्ये बसणारे अँटी-चीट आले आणि तो मार्ग संपला. व्हॅलोरंट कधीच चालला नाही. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय जोडले गेले आणि प्रोटॉनचा पर्याय चालू केला गेला नाही. कॉल ऑफ ड्यूटीचे अलीकडचे भाग आणि बॅटलफील्ड ६ हेही याच यादीत येतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्सवर मूळ स्वरूपातच चालतात, कारण ते व्हॉल्व्हचे आहेत.

कंपन्यांचे म्हणणे निव्वळ बहाणा आहे, असे मी म्हणणार नाही. ज्या कर्नलवर कोणाचीही सही नाही, त्यावरून आलेली माहिती खरी मानणे अवघड आहे. पण विंडोजवरही फसवणूक थांबलेली नाही, आणि स्मृती बाहेरून वाचणारी स्वतंत्र हार्डवेअर कार्डे वापरणाऱ्यांना कर्नलमधला पहारेकरीही पुरा पडत नाही. माझ्या मते निर्णायक ठरतो तो संख्येचा हिशोब. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सने ३ टक्क्यांचा टप्पा ओलांडला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये, तर विंडोज ९५ टक्क्यांच्या आसपास होते. एवढ्या थोड्यांसाठी वेगळी जोखीम घ्यायला व्यवस्थापन तयार होत नाही. दुसरी बाजूही विचारात घ्या. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, कारण तो प्रोग्रॅम कर्नलमध्ये बसलेला होता. करमणुकीच्या एका गेमला तोच अधिकार द्यावा का, हा प्रश्न विंडोजवर राहणाऱ्यानेही स्वतःला विचारायला हरकत नाही.

तुमच्या बाबतीत यात एक वेगळी मेख आहे. बॅटलफील्ड ६ आणि कॉल ऑफ ड्यूटीचा २०२५ मधील भाग विंडोजवरही सिक्युअर बूट (सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० मागतात. ज्या यंत्रात टीपीएमच नाही, ते विंडोजवर राहूनही या गेमांना नकोसेच आहे. म्हणजे लिनक्समुळे हातचे जाणारे काही गेम या यंत्रावर मुळात हातात नव्हतेच. अर्थात टीपीएम अनेकदा यंत्रात असते आणि फक्त बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेले असते, तेव्हा एवढे आधी तपासून घ्या.

पडद्याच्या बाबतीत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. एएमडीचे कार्ड आणि एचडीएमआय २.१ चा टीव्ही अशी जोडी असेल, तर सावध राहा: मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे २०२४ मध्ये समोर आले, त्यामुळे ४के चित्र पूर्ण रंगांसह १२० हर्ट्झवर मिळण्यात अडचण येते. डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला हा त्रास नाही. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवण्याची सोय, केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपवर किंवा व्हॉल्व्हच्या गेमस्कोपमध्ये मिळते. विंडोजइतके ते निर्धोक अजून झालेले नाही. व्हीआर हेडसेट हा तुमचा मुख्य छंद असेल तर विंडोजच ठेवा. कंट्रोलर बहुतेक सगळे चालतात; प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तर सोनीनेच कर्नलला दिला आहे. शर्यतीच्या स्टिअरिंग व्हीलचे मात्र मॉडेलगणिक वेगळे, ते आधी शोधूनच घ्यावे.

जुन्या गेमांत लिनक्स अनेकदा सरस ठरते, हे फारसे कोणी सांगत नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. वाइनवर त्यांतले बरेच चालतात. डायरेक्ट३डी ८ आणि ९ च्या काळातले जे गेम आजच्या विंडोजवर रंग बिघडवतात किंवा उघडताच कोसळतात, ते डीएक्सव्हीकेमुळे व्हल्कनवर आले की सुरळीत होतात, इतके की काही लोक डीएक्सव्हीकेच्याच फाइली विंडोजवर वापरतात.

मॅकचा विचार केवळ गेमांसाठी करू नका. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटांचे प्रोग्रॅम बंद केले आणि जुन्या गेमांचा मोठा साठा एका अपडेटमध्ये निकामी झाला. मॅकवर व्हल्कनला मूळ आधार नाही, अ‍ॅपलचे स्वतःचे मेटल आहे. गमतीचा भाग असा की, २०२३ मध्ये अ‍ॅपलने विंडोजचे गेम मॅकवर आणण्यासाठी जे साधन दिले, तेही वाइनवरच आधारलेले आहे. त्या यंत्रांचे ग्राफिक्स दुबळे नाही. पण तुमच्याकडचा संगणक टाकून एवढा खर्च केल्यावर खेळण्यासारखे गेम लिनक्सपेक्षाही कमी मिळतील.

लिनक्स बसवायचे ठरवलेच तर ज्या चुका नेहमी दिसतात त्या टाळा. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्क-विभागातला गेमांचा जुना साठा थेट स्टीमला जोडून प्रोटॉनने चालवू नका. फाइलींची नावे, दुवे आणि परवानग्या यांचे नियम जुळत नाहीत, आणि मग गेम कारण न सांगता बंद होतात. गेम एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या पद्धतीच्या विभागात नव्याने उतरवा. डेनुवो हे नक्कल-संरक्षण असलेला गेम न चालल्यास प्रोटॉनच्या आवृत्त्या भराभर बदलून पाहू नका, कारण प्रत्येक बदल त्याला नवे यंत्र वाटू शकतो आणि तो एक दिवसासाठी कुलूप लावतो. मधल्या चित्रफितींच्या जागी रंगांचे पट्टे दिसले, तर दोष कार्डाचा नसून चित्रफीत उलगडणाऱ्या व्हिडिओ कोडेकचा असतो. अशा वेळी समुदायाने बांधलेली जीई-प्रोटॉन ही आवृत्ती बहुधा उपयोगी पडते. एपिक आणि जीओजीवरच्या गेमांसाठी हिरोइक हा प्रोग्रॅम वापरा. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासमधले गेम मात्र संगणकावर उतरवून खेळता येणार नाहीत. ब्राउझरमधून क्लाउडवर खेळणे एवढाच मार्ग आहे.

वितरणाच्या निवडीवर फार डोके शिणवू नका. कर्नल आणि मेसा ताजे असणे महत्त्वाचे, म्हणून फेडोरा किंवा त्यावर बांधलेले बॅझाइट यांपैकी एक घ्या. विंडोजची डिस्क पुसू नका. लिनक्स वेगळ्या एसएसडीवर बसवा आणि बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवा, म्हणजे दोघांचे बूटलोडर (प्रणाली सुरू करणारे प्रोग्रॅम) एकमेकांत गुंतणार नाहीत. त्याआधी यादीतला प्रत्येक ऑनलाइन गेम प्रोटॉनडीबी या खेळाडूंच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर शोधा आणि जुने अभिप्राय वगळून अलीकडच्या काही महिन्यांचेच वाचा, कारण अँटी-चीटच्या बाबतीत गेल्या वर्षीचे ‘उत्तम चालतो’ आज खरे असेलच असे नाही. मित्रांबरोबर रोज खेळला जाणारा तुमचा एकमेव गेम फोर्टनाइट किंवा व्हॅलोरंट असेल, तर या संगणकावर लिनक्स बसवून तुमच्या हाती काही लागणार नाही. बाकी यादी एकट्याने खेळायच्या गेमांची असेल, तर मी आजच बसवीन.